जडत्वाचा हंगाम

कापूस फुटला आहे. नालवाडीच्या आपल्या घरासमोरून सकाळपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जात आहेत. कापूस दोन्ही बाजूंनी फुगून बाहेर आलेला, वरून दोर आवळलेले आणि त्या दोरांच्याही वर एखादा माणूस आरामात उताणा पडलेला. ट्रॉली गेली की कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. नव्या माणसाला ते फार सुंदर वाटेल. मलाही वाटायचं. आता मात्र काट्यावर पहिला पुंजका दिसला की मी हातातलं काम टाकून तुमचे आबा घरात कुठे उभे आहेत ते बघून येते.

सानू, ओजस, तुम्हाला आबा दिसतात ते फोनच्या चौकटीत, छातीपासून वर. छातीपासून वर ते ठीकच असतात. हसतात, ओजसला त्याच्या क्रिकेटवरून चिडवतात, चष्मा पुसतात. चौकटीच्या खाली काय चालतं ते तुम्हाला कधी दिसलं नाही, आणि तुमच्या बाबांनाही मी ते अर्धंच सांगितलं आहे. म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही ज्या दिवाळीला आला नाहीत, त्या दिवाळीच्या आसपासचा हा हंगाम.

त्या दिवसांत सानूची परीक्षा होती. तिनं फोन करून विचारलं होतं, "आजी, जडत्व म्हणजे काय? आईला मराठीत सांगता येत नाही आणि मला इंग्रजीत कळत नाही." मला हसू आलं होतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून, आणि पुढे आयुष्यभर मी शाळेत मुलींना हेच मराठीतून शिकवलं. गतीचे नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. मी सांगायला लागले. थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते. चालणारी वस्तू त्याच वेगानं, सरळ रेषेत चालत राहते. बाहेरून कुणी जोर लावल्याशिवाय यात बदल होत नाही. वस्तूच्या या हट्टाला जडत्व म्हणतात.

"एवढंच?" सानू म्हणाली. "हे तर सोप्पं आहे."

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे आबा उभे होते. हातात चहाचा कप, एक पाय उंबरठ्याशी, दुसरा जरासा मागे. मी सानूला बसच्या धक्क्याचं उदाहरण दिलं, सायकलचं दिलं, कॅरमच्या सोंगट्यांचं दिलं. आबा तिथेच होते. चहावर साय धरली. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. एक पाऊल. फक्त एक पाऊल त्यांना उचलायचं होतं आणि ते उचललं जात नव्हतं.

कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारे हात आठवतात. आबांचे हात फार थरथरत नाहीत. त्यांचे पाय चिकटतात. दारात, वळणावर, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत पाय जमिनीला खिळ्यांनी ठोकल्यासारखे होतात. ते स्वतः याची थट्टा करतात. त्यांची सगळी नोकरी विजेच्या कचेरीत झाली, त्यामुळे सरकारी थट्टाच सुचते. "दिल्लीवरून हुकूम निघते, पण वर्ध्याले पोचतच नाई," असं म्हणतात आणि पायांकडे बघतात, दुसऱ्या कुणाच्या तरी पायांकडे बघावं तसे.

आणि एकदा हुकूम पोचला की दुसरं संकट. मग थांबणं होत नाही. पावलं लहान लहान होत जातात आणि जलद होत जातात. छाती पुढे, पाय मागे, आणि पाय त्या छातीला गाठण्यासाठी धावत सुटतात. समोर भिंत आली की ते थांबतात, नाहीतर मी. मी घरातल्या बोळाच्या टोकाला दोन्ही हात अर्धे पुढे करून उभी राहायची. नियमाची पहिली ओळ स्वयंपाकघराच्या दारात आणि दुसरी ओळ बोळात. आपल्या घरात मला दोन्हींची सारखीच भीती वाटायची. ते उभे असले तरी भीती, चालले तरी भीती.

डॉक्टरांनी फार काही सांगितलं नव्हतं. गोळ्या लिहून दिल्या, वेळा समजावल्या आणि आम्ही उठताना म्हणाले, "बाई, एकच सांभाळा. पडू देऊ नका." यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती. आमच्या शेजारच्या काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, पलंगाला खिळल्या आणि त्या पलंगावरून पुन्हा उठल्या नाहीत. त्यांच्या चपला कितीतरी दिवस दाराशी तशाच होत्या. मी अंगणात आले की मान दुसरीकडे वळवायची.

मी घरातल्या सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या. पायपुसणी काढली. खुर्च्या भिंतीला लावल्या. मला सगळं जागच्या जागी लागतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, तुमची आई त्यावरून हसते. पण त्या हंगामात माझी शिस्त ही शिस्त राहिली नव्हती, तो धाकच होता. घर बांधलं तेव्हा गुळगुळीत फरशी म्हणजे मोठी शोभा वाटायची. पुसली की तोंड दिसावं अशी. आता त्या फरशीकडे बघितलं की मला घर्षण आठवायचं, किंवा ते किती कमी आहे ते आठवायचं. आपण पायानं जमीन मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते, म्हणून माणूस चालतो, असं मी फळ्यावर बाण काढून शिकवत असे. एवढी वर्षं शिकवून मला हे कधी भयंकर वाटलं नव्हतं. प्रत्येक पावलाला माणूस जमिनीवर भरवसा टाकतो. जमिनीनं तेवढ्या वेळी ढकललं नाही तर?

सगळ्यात जास्त मी कानांनी घाबरायची. चपलांचा सपसप आवाज ठीक. तो जलद झाला की वाईट. तो बंद पडला की त्याहून वाईट. एकदा मी वाळत घातलेले कपडे काढत होते आणि आत काहीतरी ठणकन पडलं. मी दोरीवरचं धोतर तसंच हातात घेऊन धावले. आतून आबांचा आवाज आला, "वाटी हाये! मी नाई!" त्या दिवसापासून काही पडलं की ते आधी वस्तूचं नाव सांगायचे. "झाकण!" "चमचा!" "पंचांग!" आम्ही दोघं हसायचो. हसता हसता मी आत डोकावून ते उभे आहेत ना ते बघून घ्यायची.

दिवाळीत कारंज्याहून बाळू भाऊजी आले. आबांचे चुलत भाऊ, हायवेवर त्यांचं टायरचं दुकान आहे. गोड माणूस, आवाज दोन घरांपलीकडे जाणारा. आपल्याकडे मोठ्या माणसाला मान द्यायचा, माया दाखवायची म्हणजे हात धरायचा. पाहुणा येतो तो हात धरतो, निघतो तो हात धरून दारापर्यंत नेतो. आबा बैठकीच्या दारात चिकटलेले होते. बाळू भाऊजींनी फराळाचा डबा माझ्या हातात दिला, पुढे झाले आणि दादाचे दोन्ही हात धरले.

"काऊन उभा राह्यला दादा? चाल ना, बस ना आत!" आणि ओढलं.

पाय जागेवरच होते. वरचं सगळं शरीर पुढे आलं. कपाट ओढताना ते खालून न सरकता वरून कलतं, तसे आबा सबंध, ताठ, एका तुकड्यात कलले. शाळेतल्या आकृतीत हे असंच काढतात. एक ठोकळा, त्याच्या मधोमध एक बिंदू, आणि त्या बिंदूतून खाली सोडलेली रेघ तळाच्या बाहेर गेली की ठोकळा उलटतो. त्या ठोकळ्याला चेहरा नसतो. इथे चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहून ठेवणार नाही. मी डबा टाकला आणि मागून त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला. शिवण उसवली, पण आबा राहिले. चकल्या फरशीवर पसरल्या होत्या. बाळू भाऊजी पांढरे पडले होते.

"वहिनी, मी तं मायेनं..."

"मला माहीत आहे भाऊजी," मी म्हटलं. खरंच माहीत होतं. त्या हंगामात मला सगळ्यात जास्त भीती मायेनं पुढे येणाऱ्या हातांची वाटायची.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. मी अंगणात रांगोळी काढली. माझी रांगोळी म्हणजे सरळ रेघांचा चौकोन आणि आत दुसरा चौकोन. फुलं, मोर मला कधी जमले नाहीत. आबा बाहेर येत होते. बैठकीच्या दारात थोडे अडले, मग ओसरीत आले आणि पुन्हा ते धावतं, आखूड पावलांचं चालणं सुरू झालं. मी हातातली रांगोळी टाकून उठणार, तेवढ्यात ते रांगोळीच्या कडेशी आले. रेघेपाशी थबकले. पाय वर उचलला, गुडघ्यातून नीट, तरण्या माणसासारखा. रेघ ओलांडली. दुसरा पाय तसाच. आतली रेघ, तशीच. चौकोन पार करून ते तुळशीपाशी जाऊन उभे राहिले आणि मागे वळून आश्चर्यानं बघू लागले.

"हे कसं झालं?" मी विचारलं.

"रांगोळीवर पाय देतात का?" ते म्हणाले. "मायनं पाठ सडकली असती."

त्यांच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण तिचा धाक त्या रेघेत शिल्लक होता. मी विज्ञानाची बाई. दुपारी मी खडू घेतला आणि बोळात पट्टीनं सारख्या अंतरावर रेघा काढल्या. आबा पहिल्या खडूच्या रेघेवर आले, तिच्यावर सरळ पाय ठेवला आणि चिकटून उभे राहिले. "हा तं खडू हाये," ते म्हणाले. मी खडूच्या रेघा पुसल्या आणि रांगोळी ओढली. एक, दोन, तीन रेघा ते ओलांडून गेले.

यावर मी खूप विचार केला. रांगोळीच्या रेघेला वजन नाही. ती ढकलत नाही, ओढत नाही. आकृती काढायची झाली तर तिचा बाण कुठून काढायचा आणि कुठे टेकवायचा? तरीही थांबलेला माणूस तिच्यामुळे चालला. मला याचं उत्तर अजून आलेलं नाही. सानू, तुला पुढे कधी आलं तर कळव.

पण मला या आनंदात फार दिवस राहू दिलं नाही, ते माझ्याच शिक्षणानं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. गुळगुळीत फरशीवर ती दाण्यादाण्यांनी पसरते, आणि तिच्यावर पाय पडला तर पायाखाली बारीक गोळ्या टाकल्यासारखंच होतं. ज्या रेघेनं ते चालत होते तीच रेघ त्यांना पाडू शकत होती. त्यांचा पाय रेघेवर कधीच पडणार नाही, या एका गोष्टीवर सगळं उभं होतं. मी रेघ शक्य तितकी बारीक काढायची आणि मग त्यांचा पाय कुठे पडतो ते बघत राहायची. कामाला येणारी मंगला रोज कुरकुरायची, "बाई, दिवाळी झाली ना? आता काऊन रांगोळ्या काढून राह्यल्या? घर हाये का पोरायचं लंगडीचं मैदान?" मी तिला एकही दाणा इकडेतिकडे राहू द्यायची नाही. ती झाडून गेली की मी ओल्या फडक्यानं पुन्हा पुसायची, आणि ओल्या फरशीला पुन्हा घाबरायची.

मग सीतादहीचा दिवस आला. पवनारकडे आपलं छोटं शेत आहे ते तुम्हाला आठवत असेल. ओजस तिथे बैलाला बिस्कीट द्यायला गेला होता. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, पहिली वेचणी सुरू होण्याआधी शेतात देवी म्हणून दगड मांडून, हळदकुंकू वाहून दहीभात ठेवायचा, आणि घरच्या माणसानं पहिलं बोंड वेचायचं, मग बायकांनी वेचायला लागायचं. याला सीतादही म्हणतात. आबांनी हे कधी चुकवलं नाही. मी म्हटलं, या वर्षी मी एकटी जाऊन येते, नाहीतर चाकांची खुर्ची नेऊ.

"चाकावर बसून मी शेतात जाऊ?" ते म्हणाले. "पऱ्हाटी हासन मले."

आम्ही ऑटोनं गेलो. पिशवीत दहीभात, पूजेचं साहित्य आणि रांगोळीचा डबा. शेत धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, खाली थोडं उतरतं. वेचणाऱ्या बायका आत दगड मांडून थांबल्या होत्या, पुढे शांताबाई, जी कितीतरी वर्षं आपल्याकडे वेचणीला येते. मी पिशवी खाली ठेवली, डबा काढायला वाकले आणि पुन्हा वर बघितलं तर आबा धुऱ्यावर नव्हते.

उतारानं त्यांना नेलं होतं. हुकूम दिल्लीहून आला नव्हता, मातीनंच परस्पर दिला होता. पऱ्हाटीच्या दोन ओळींच्या मधून ते खाली चालले होते, पावलं लहान, मग आणखी लहान, मग जलद. काळ्या मातीला भेगा होत्या. माझ्या तोंडून "अहो" एवढंच निघालं. बायका त्यांच्याकडे बघत होत्या. शांताबाई पुढे झाली, तिचे हात पुढे आले. मला ओरडायचं होतं "धरा!" आणि मला ओरडायचं होतं "धरू नका!" धरलं नाही तर ते पुढच्या भेगेत जातील. धरलं तर वरचं शरीर थांबेल आणि पाय निघून जातील. सगळे नियम मला पाठ होते आणि यातलं कोणतं ओरडायचं ते मला ठरवता येत नव्हतं. तशी भीती मला आयुष्यात पूर्वी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

ते मांडलेल्या दगडांच्या बाजूनं पुढे निघून गेले. तिथे पऱ्हाटी दाट होती. दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. त्या त्यांच्या छातीला, मांड्यांना, बाह्यांना लागू लागल्या. बोंडांची वाळलेली टोकं सदऱ्यात अडकायची, सुटायची, पुन्हा अडकायची. कुणी एकानं धरलं नाही, शेकडो फांद्यांनी थोडं थोडं धरलं. वेग कमी होत गेला. आणि मग आबा पऱ्हाटीच्या मधोमध थांबले. उभे. हातांवर ओरखडे, सदऱ्याला कापूस.

मी पोचले आणि आधी त्यांचे पाय बघितले. ते म्हणाले, "पूजा मागं राह्यली ना?"

शांताबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. "राहीन कायले? देवीले काय, इथं बी बसते ते," ती म्हणाली, आणि दगड पदरात घालून तिथेच आणून त्यांच्या पायांपुढे मांडले. मी रांगोळी घातली. दहीभात ठेवला. आबांनी उभ्या उभ्या पहिलं बोंड वेचलं. त्यांची बोटं अगदी स्थिर होती.

आता परत जायचं होतं, चढ होता, आणि पाय चिकटलेले होते. "उचलून नेऊ का जी भाऊले?" बायकांतली एक म्हणाली. "आमी चौघी हावोत."

"नको नको," आबा म्हणाले. "चौघायची वेळ अजून नाई आली."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला हसू आलं नाही. मी डबा घेतला आणि त्यांच्या पुढ्यात वाकून काळ्या मातीवर एक पांढरी रेघ ओढली. ते ओलांडून आले. मी मागे सरकले, दुसरी ओढली. अशी मी उलट्या पावलांनी चालत होते, कंबर मोडून, त्यांच्या पायांवरची नजर न काढता. हात लावायचा नाही, ओढायचं नाही. धुरा थोडाच राहिला तेव्हा डबा संपला. मी तो उलटा करून झटकला. चिमूटभर निघाली, ती वाऱ्यानं नेली.

ते उभे राहिले. पाय थरथरू लागले होते. खाली सगळा उतार, वर शेवटचा चढ. माती ओढून रेघ काढावी तर ती त्यांच्यासाठी मातीच. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी चप्पल काढली आणि माझा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवला.

आबांनी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुले ओलांडू?"

आपल्याकडे माणसाला ओलांडत नाहीत. झोपलेल्या मुलाला कुणी ओलांडलं तर परत उलटं ओलांडायला लावतात, नाहीतर त्याची वाढ खुंटते म्हणतात. आबांच्या डोळ्यांत तीच लहानपणची दहशत होती, आणि माझी भीती वेगळीच होती. त्यांचा तोल माझ्या पायावर गेला असता तर आम्ही दोघंही खाली गेलो असतो.

"ओलांडा," मी म्हटलं. "माझी उंची आता काही वाढायची नाही."

ते हसले. मोठ्यानं हसले, आणि त्या हसण्यात पाय उचलला गेला.

तेव्हापासून रांगोळी बंद आहे. दारात ते अडले की मी माझा पाय पुढे करते. या हंगामातही करते आहे, पूर्वीपेक्षा जास्त वेळा. प्रत्येक वेळी मला भीती वाटते, आणि ती वाटायची थांबेल असं मला वाटत नाही. तुम्ही हिवाळ्यात येणार आहात. आबा दारात उभे असतील आणि लगेच पुढे येणार नाहीत. धावत जाऊन त्यांचे हात ओढू नका. समोर जागा ठेवून उभे राहा आणि मी येईपर्यंत थांबा. आणि माझं बघून तुम्हीही आपला पाय पुढे कराल, तर तसं करायचं नाही. तुम्हाला अजून वाढायचं आहे.